न दाबता वाजणारी पट्टी

संगणकातला आवाज पहिल्यांदा तुटला, तेव्हा मी कीबोर्डवरचे हात उचलून कानांवर ठेवले. कानांवर हेडफोन होता, त्यामुळे तळव्यांत नुसत्या त्याच्या मऊ गाद्या आल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. चहा नुकताच झाला होता आणि पुढच्या खोलीत आप्पा एका हार्मोनियमचा भाता सोडवत बसले होते. मी हेडफोन काढला, कानांत करंगळी फिरवली, पुन्हा घातला. आवाज तुटतच होता. ‘फाइल’ म्हणायच्या जागी तो ‘फा… फा…’ करत राहिला, पुढचा अख्खा शब्द त्यानं गिळला, मग जरा गप्प बसला आणि तीन ओळी एका दमात ओकून मोकळा झाला.

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दहाव्या वर्षी संध्याकाळचं दिसेनासं झालं आणि बावीस पुरी व्हायच्या आत भरदुपारचंही. हे घडलं त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांची होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मिरजेतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत मी आणि आप्पा असे दोघंच राहत होतो. पुढच्या खोलीत त्यांचं पेट्यांच्या दुरुस्तीचं काम, मागच्या खोलीत माझा संगणक. पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवणारा एक आवाज त्यात होता. पुण्याला अंधांच्या वर्गात जाऊन मी तो वापरायला शिकले होते. एका दवाखान्यातले डॉक्टर पेशंटविषयी जे बोलून ठेवत, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे येई. टेबलाखालचं पेडल पायानं दाबलं की ते चालायचं, सोडलं की थांबायचं, आणि मी ऐकून टाइप करायची. वाचणाऱ्या आवाजाला आप्पा ‘बडबड्या’ म्हणत. मी त्याला इतक्या वेगात बोलायला लावलं होतं, की घरी आलेल्या माणसाला ती कुठली तरी भाषा आहे हेसुद्धा कळत नसे. मला त्याचा चांगलाच तोरा होता.

तर असा आवाज तुटल्यावर कुणीही आधी मशीनवर संशय घेतला असता. मी घेतला नाही, कारण तीन आठवड्यांपूर्वी मी डोळे दाखवायला गेले होते. दरवर्षी जायची. डोळ्यांत आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पण फाइल चालू ठेवावी लागते. या खेपेला नवीन डॉक्टरबाई होत्या. त्यांनी डोळ्यांवर उजेड टाकायच्याही आधी विचारलं, ऐकायला कसं येतं? मी हसले. म्हटलं, पेटीवाल्या श्रीपती सुतारांची मुलगी आहे, कानाचं कसलं विचारता. त्या काही हसल्या नाहीत.

“तुमच्या आजारात काही जणांचे कानही हळूहळू जातात,” त्या म्हणाल्या. “आवाज येत राहतो, पण शब्द तुटायला लागतात. एकदा तपासून घ्या.”

त्यांनी चिठ्ठी दिली. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, आहे तसंच आहे. घरी आल्यावर ती चिठ्ठी मी आईच्या साड्यांखाली सरकवली आणि विसरून गेले, म्हणजे विसरायचं ठरवलं.

शब्द तुटायला लागतात, हे त्या बाईंचं बोलणं त्या सकाळी जसंच्या तसं परत आलं. मी बडबड्या बाजूला ठेवून एका डॉक्टरांचं रेकॉर्डिंग लावलं. तेही तुटत होतं. औषधाचं प्रमाण फिफ्टीन सांगितलंय की फिफ्टी, हे मला सात वेळा मागं नेऊनही कळलं नाही. चार वर्षांच्या कामात पहिल्यांदाच मी कागदात रिकामी जागा सोडली. दुपारपर्यंत अशा अकरा जागा झाल्या.

बाकीचं सगळं ऐकू येत होतं. आप्पांची कानस, कोपऱ्यावरच्या रिक्षा, शेजारच्या मोरीत पडणारं पाणी, सगळं. पण त्यानं मला धीर आला नाही. आवाज येत राहील असं बाईंनी सांगितलंच होतं की. आणि मी इतक्या वेगात दुसऱ्या कुणाचं ऐकत होते? कान जायचेच असतील तर सुरुवात बडबड्यापासूनच होणार, हे मला अगदी बरोबर वाटलं. घाबरलेल्या माणसाला कारणं भराभर सुचतात.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली. “वैजू, ये गं जरा. ह्यो सूर बघ.”

पेटीत एकाच स्वराचे दोन सूर असतात, पितळेची दोन पाती. दोन्ही नीट जुळलेले नसले तर आवाजात एक लहर येते, पाणी हलावं तशी. आप्पा सूर खरवडत, मला हाक मारत, मी खाली बसून ऐकायची. गेलं दीड वर्ष त्यांनी ही पद्धत लावली होती. स्वतः ते पेटीवर वाकलेले असत, आणि विचारायचं झालं तर तोंडानं न विचारता माझ्या हातावर बोटानं दोनदा टिचकी मारत. म्हणजे, लागला का? लागला असेल तर मी एकदा टिचकी मारायची. नसेल तर हात हलवायचा नाही. ही आमची गंमत होती. सबंध जिल्ह्यातले भजनी लोक ज्यांच्या कानावर पेटी सोपवत, ते आप्पा शेवटचा निवाडा माझ्याकडून घेत, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

त्या दिवशी मात्र मी परीक्षेला बसल्यासारखी बसले. लहर ऐकू आली. बारीक होती, पण होती. की मला तसं वाटलं? मी हात हलवला नाही. आप्पांनी पुन्हा खरवडलं, पुन्हा दोन टिचक्या मारल्या. लहर थांबली होती. मी एक टिचकी मारली आणि घाईनं उठले. माझा हात घामानं ओला झाला होता आणि तो त्यांना लागला असणार.

पुण्याच्या वर्गात एक बाई होत्या, त्यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. लोक त्यांच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढत आणि त्या जुळवून घेत. त्यांचा नवरा बोट झरझर चालवायचा. दोन दिवस मला त्या बाईंचा ओलसर तळहात आठवत राहिला. माझ्या हातावर कोण अक्षरं काढणार होतं? आप्पा पासष्टीचे. लग्न, नवरा वगैरे गोष्टींना आमच्या घरी कुणी तोंड फोडलं नव्हतं. शनिवारी दुपारी आप्पा बाजारात गेलेले असताना मी कापसाचे दोन मोठे बोळे केले, कानांत घट्ट कोंबले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. म्हटलं, बघू तरी कसं असतं. गॅसवर डाळीचा कुकर होता. काही क्षणांत मला तो कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. दार कुठं, ओटा कुठं, मी कुठं तोंड करून उभी आहे, काही कळेना. हात पुढं करायचीसुद्धा भीती वाटायला लागली. मी बोळे उपसून काढले तेव्हा कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि मी खाली फरशीवर बसलेली होते. कधी बसले ते आठवत नाही.

त्यानंतर मात्र मला राहवेना. आप्पा आल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. बडबड्याचा वेग अगदी कमी केला आणि त्यांच्या समोर उभी राहिले.

“आप्पा, हे ऐका की जरा. आवाज तुटतोय का?”

माझा हात त्यांच्या खांद्यावर होता, त्यावर त्यांनी आपला हात ठेवला.

“न्हाई की,” ते म्हणाले. “चांगला बोलतोय की गडी.”

“एकदाही तुटला नाही?”

“सुरेख बोलतोय. तू उगं काळजी करू नगंस.”

झालं. मिरजेतला सगळ्यात पक्का कान म्हणत होता की आवाज सुरेख आहे. मग तुटत होतं ते माझ्यात. मी हेडफोन परत घेतला आणि म्हटलं, मलाच भास झाला असेल. रविवारी मी मशीन उघडलंच नाही. डोळे मिटून पडून राहिले आणि ऐकू येणारे आवाज मोजत राहिले. चाळीस झाले. दर तासानं पुन्हा मोजायचे आणि आकडा कमी झाला की पहिल्यापासून सुरू करायचं.

सोमवारी सकाळी इर्शादचा फोन आला. इर्शाद अत्तार माझ्याबरोबर पुण्याला शिकलेला, माझ्यासारखाच न दिसणारा, बार्शीला असतो. संगणकातलं काही अडलं की आमच्या वर्गातले सगळे त्याचं डोकं खायचे. त्याला कुठली तरी फाइल हवी होती, आणि ती मी आत्ताच्या आत्ता पाठवावी असा हट्ट. मी नाइलाजानं मशीन चालू केलं. एका हातात फोन होता म्हणून हेडफोन काढून स्पीकर जोडला. बडबड्या बोलायला लागला आणि इर्शाद म्हणाला, “हे काय गं? तुझं मशीन तोतरं कधीपासून झालं?”

“तुला ऐकू येतंय?” मी विचारलं.

“न यायला मी काय बहिरा आहे?”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. इर्शाद बिचारा फोनवरून हॅलो हॅलो करत राहिला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता. कान माझेच होते, शाबूत होते, आणि बिघडलं होतं ते एक पत्र्याचं खोकं. त्या आनंदात मला शनिवारी आप्पा काय म्हणाले होते ते आठवलंसुद्धा नाही.

इर्शादनं मला एक यादी उघडायला लावली. मशीनच्या आत कोण किती काम करतंय ते त्यात कळतं. मी बाणाच्या बटणानं एकेक ओळ खाली जात राहिले आणि बडबड्या अडखळत वाचत राहिला. सगळ्यांचे आकडे शून्य नाहीतर एक. एका ओळीवर मात्र तो म्हणाला, सिस्टिम इंटरप्ट्स, त्र्याण्णव.

“सापडलं,” इर्शाद म्हणाला. “हे एरवी एकाच्या वर जात नाही. तुझ्या मशीनला जोडलेली कुठली तरी वस्तू बिघडलीय आणि ती प्रोसेसरला सारख्या हाका मारतेय. तो हातातलं काम टाकून प्रत्येक हाकेला ओ देतो. मग बोलायला त्याला सवड कुठली? काही लावलं-काढलं की टिंग टिंग वाजतं ना तुझ्याकडं?”

ते टिंग टिंग रेकॉर्डिंगच्या मध्ये यायचं म्हणून मी केव्हाच बंद करून टाकलं होतं. ते ऐकून त्यानं कपाळावर हात मारलेला मला फोनमधून ऐकू आला. मग म्हणाला, जोडलेल्या वस्तू एकेक करून काढ, ज्या वस्तूला बडबड्या सुधारेल ती चोर.

आप्पा चहाचे कप घेऊन आत आले तेव्हा मी त्यांच्या समोर उभी राहून त्यांना हे सगळं सांगितलं. मशीन बिघडलंय एवढंच सांगितलं, कानांचं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यांना एकदम उत्साह आला.

“म्हंजे पट्टी चिकटलीया,” ते म्हणाले. “पेटीत एखादी पट्टी न दाबता वाजायला लागली की भात्यातलं सगळं वारं तीच खाती. दुसऱ्या सुरांना उरत न्हाई. तू ऐक, मी एकेक काढतो.”

मशीनचं खोकं टेबलाखाली होतं आणि वायरी सगळ्या मागच्या बाजूनं, भिंतीकडे. आप्पा गुडघे टेकून आत शिरले. मी एक लांबलचक फाइल उघडून बडबड्याला न थांबता वाचायला लावलं आणि टेबलावर हात ठेवून बसले.

पहिली वायर प्रिंटरची निघाली. बडबड्या तुटकाच. मी सांगितलं, अजून तसंच आहे. दुसरी स्कॅनरची. तसंच. तिसरी पेडलची निघाली, आणि बडबड्या एकदम सुटला. एकामागून एक शब्द, स्वच्छ, अख्खे, कुठं ठेच नाही. चार दिवस मी ज्या आवाजासाठी झुरत होते तो खोलीभर वाहायला लागला.

“सापडलं, आप्पा. थांबा.”

चौथी वायर निघाली, इंटरनेटची.

“थांबा की, आप्पा. पेडलच होतं.”

खाली वायर ओढल्याचा आवाज झाला, आणि बडबड्या मधल्याच शब्दावर बंद झाला. आप्पांनी स्पीकरची वायर काढली होती. खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी उरली.

“आता?” आप्पांनी खालून विचारलं. “आता कसा बोलतोय?”

स्पीकर टेबलावर मुका पडला होता आणि आप्पा विचारत होते, कसा बोलतोय. तीन फुटांवर त्यांची पाठ होती. मी माझ्या रोजच्या आवाजात म्हटलं, “आप्पा, चहा निवतोय.” काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, “आप्पा.” टेबलाखाली त्यांचा श्वास तेवढा चालू होता. मग मी म्हटलं, “आप्पा, मला भीती वाटतेय.”

“अगं, बोल की,” आप्पा म्हणाले. “गप का बसलीस?”

त्या क्षणी एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. आई गेल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला होता. मला वाटलं होतं, दुःखानं. फोन वाजला की तूच घे म्हणायचे. मला वाटलं होतं, वयाचा कंटाळा. बोलायचं असलं की खांद्याला धरून मला समोर वळवायचे, आणि ती मला माया वाटायची; ते माझे ओठ बघत होते. सूर लावताना हातावर मारलेल्या त्या दोन टिचक्यासुद्धा आमची गंमत नव्हती. पेटीवर डोकं वाकवल्यावर माझं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून होत्या. मला दिसत असतं तर हे आठवड्याभरात कळलं असतं. मला दिसत नव्हतं म्हणून ते लपवू शकले.

मी खुर्चीवरून उतरून खाली बसले, चाचपून त्यांचा खांदा धरला आणि त्यांना बाहेर ओढलं. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन माझ्याकडे वळवला.

“कधीपासून?” मी विचारलं.

काय कधीपासून, असं त्यांनी विचारलं नाही.

“तुझी आई हुती तवापासनं. तिला ठावं हुतं.”

“मग पेट्या कशा करता?”

त्यांनी माझी बोटं धरून आपल्या जबड्याच्या हाडावर ठेवली. “ह्ये लाकडाला टेकवायचं. दात टेकवले की लाकूड सांगतं. बारीक लहर तेवढी कळत न्हाई. त्यासाठी तुला हाक मारायचो.”

सूर लावताना त्यांचं ‘हं’ तोंड दाबल्यासारखं का येई, ते मला कळलं.

“मला सांगायचं नाही?”

“तुला दिसत न्हाई,” ते म्हणाले. “दाराशी कोण आलं, कुठं काय पडलं, आप्पाला कळंल म्हणून तू निवांत झोपतीस. त्या आप्पाला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर तुला झोप लागली असती?”

“आणि शनिवारी बडबड्या सुरेख बोलतोय म्हणालात ते?”

“मला नुसतं गुणगुणल्यागत झालं. तुझा हात लई कापत हुता, वैजू. म्हटलं, सुरेख म्हणावं.”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना सोडून कुठं जाऊ नये असंही वाटलं. मी उठून कपाटातली चिठ्ठी काढून आणली, त्यांच्या हातात दिली आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते सगळं त्यांच्या समोर बसून सांगितलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. त्यांचा हात माझ्या हातात गार पडत गेला. आतापर्यंत ते माझ्यापासून स्वतःची भीती लपवत होते, आता त्यांच्याकडे माझीही आली. आम्ही दोघं किती वेळ तसेच फरशीवर बसून होतो, काय माहीत. चहा तर केव्हाच निवला.

चोर कोण होता ते नंतर सापडलं. पेडलची वायर ज्या भोकात जाते तिथं मी बोट लावलं तर काहीतरी खरखरीत लागलं. आप्पांनी सूर खरवडायची बारीक सळई आणली. मशीन बंद करून मी ती हलकेच आत फिरवली आणि एक तांदळाचा दाणा बाहेर आला. कुंकवाच्या पाण्यात भिजून फुगलेला आणि तिथंच वाळलेला. खंडेनवमीला आप्पांनी कानशी, पटाशी, भात्याची कात्री यांच्याबरोबर माझा संगणकही वायरी सोडून, पुसून पूजेला मांडला होता. गंध लावलं, झेंडू वाहिला, मूठभर ओल्या अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी वायरी परत लावून दिल्या. एक अक्षत भोकात राहिली, पेडलची वायर अर्धवट बसली, आणि ते पेडल दर क्षणाला सुटत-जुळत प्रोसेसरला हाका मारत राहिलं.

“माझ्याच हातनं झालं म्हणायचं,” आप्पा म्हणाले, आणि तो दाणा त्यांनी देवापुढं नेऊन ठेवला.

बुधवारी आम्ही दोघं कान तपासायला गेलो. आधी माझी पाळी होती. कानांवर जड हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. माझे कान ठणठणीत निघाले. दरवर्षी तपासत राहा म्हणाले. अजून तपासते, अजून ठीक आहेत. आप्पांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत घरातून एकही पेटी मी ऐकल्याशिवाय बाहेर गेली नाही, आणि गावाला ते कधी कळलं नाही. त्या तपासणीनंतर त्यांनी घेतलेलं, शर्टाच्या आत लपलेलं कानाचं यंत्र भजनी लोकांना कधी दिसलं नाही, किंवा दिसलं तरी कुणी बोललं नाही.

पण मला सारखी आठवते ती त्या बुधवारची छोटी खोली. आप्पांना एकट्याला आत बसायचं नव्हतं, म्हणून तपासणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या शेजारी स्टूल दिलं आणि अजिबात बोलू नका म्हणून बजावलं. बटण आप्पांच्या उजव्या हातात होतं. डावा हात माझ्या हातात होता. सुरुवातीचे खालचे सूर आले तेव्हा बटण चटचट वाजलं आणि मला बरं वाटलं. सूर वर चढत गेले तसं बटण उशिरा वाजायला लागलं. मग एक सूर लागला, बारीक, शेवटच्या सप्तकातला. आप्पांच्या कानांवरच्या त्या जाड गाद्यांतून गळून तो मला सरळ ऐकू येत होता. बटण वाजलं नाही. बाईंनी तो मोठा केला. बटण वाजलं नाही. त्यांनी आणखी मोठा केला. आता तो खोलीत स्पष्ट वाजत होता, आणि आप्पा अगदी स्तब्ध बसले होते, पेटीवर बसायचे तसे.

मग त्यांनी माझ्या हातावर बोटानं दोनदा टिचकी मारली.

सूर वाजत होता. मी हात हलवला नाही.